सीझियम बीम ट्यूबचे आयुष्य कशावर ठरते

१९५५ साली ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचे अणुघड्याळ चालवले, तेव्हा ट्यूबच्या, म्हणजे ज्या निर्वात नळीतून सीझियम अणूंचा झोत जातो तिच्या, आयुष्याचा प्रश्न जवळपास नव्हताच. प्रयोगशाळेतले उपकरण होते. सीझियम संपले की उघडायचे, भरायचे, पुन्हा निर्वात करायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'अ‍ॅटोमिक्रॉन' हे अणुघड्याळ बाजारात आले ते सीलबंद ट्यूब घेऊन. तेव्हापासून सगळी भिस्त आत भरलेल्या थोड्याशा सीझियमवर आली. १९६४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे ५०६०ए हे घड्याळ आले आणि ही ट्यूब रॅकमध्ये बसण्याइतकी लहान झाली.

ट्यूबमधली सीझियमची भट्टी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की अणूंचा झोत निघतो. चुंबक त्यातले हव्या त्या अवस्थेतले अणू निवडतात. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळेच, ग्रॅफाइटच्या गेटरमध्ये, म्हणजे नको ते अणू टिपणाऱ्या भागात, शोषले जातात. हा अपव्यय या रचनेतच आहे. शिवाय नॉइज, म्हणजे सिग्नलमधली यादृच्छिक गडबड, झोताच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तो निम्मा करायचा तर चौपट अणू लागतात, आणि साठा चौपट वेगाने संपतो. भट्टी १०-११ अंशांनी वाढवली तरी सीझियमचा बाष्पदाब दुप्पट होतो! म्हणूनच नंतरचे ५०७१ए हे घड्याळ दोन प्रकारच्या ट्यूबसह मिळू लागले. साध्या ट्यूबची एका सेकंदाची स्थिरता (वारंवारतेतला सापेक्ष चढउतार, जितका कमी तितका चांगला) १.२×१०⁻¹¹ आणि हमी १० वर्षांची. उच्च कामगिरीच्या ट्यूबची ५×१०⁻¹², पण हमी फार तर निम्मी. ज्यांना दिवसांच्या सरासरीवरच काम करायचे आहे, त्यांनी साधीच घ्यावी.

सीझियम शिल्लक असतानाही ट्यूब निकामी होते. डिटेक्टरचा क्षीण प्रवाह मोठा करणाऱ्या इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरची गेन (वर्धनक्षमता) वर्षानुवर्षे घसरते. ती भरून काढायला व्होल्टेज वाढवावे लागते आणि ते कमाल मर्यादेला टेकले की उपाय उरत नाही. गेटर भरत आले की भटके अणू डिटेक्टरपर्यंत पोहोचतात, पार्श्वभूमीचा प्रवाह वाढतो आणि सिग्नल त्यात बुडू लागतो. म्हणून मल्टिप्लायरचे व्होल्टेज, सिग्नल गेन आणि आयन पंपाचा (ट्यूबमधला निर्वात टिकवणाऱ्या पंपाचा) प्रवाह यांची नियमित नोंद ठेवावी. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, त्याची दिशा पाहावी लागते.

घड्याळ वापरात नसेल तर स्टँडबायवर ठेवावे: भट्टी बंद, आयन पंप चालू. वीज पूर्ण तोडून ट्यूब कपाटात ठेवली तर आतल्या भिंतींमधून सुटणारा वायू साचत जातो. अशी ट्यूब पुन्हा वापरताना आधी फक्त आयन पंप चालवून प्रवाह खाली येऊ द्यावा, भट्टी त्यानंतर.