कंसाआड गेलेली उधारी

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर नोकरीला जाणाऱ्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या मुलांची एक तक्रार हमखास कानावर येते: कोड चालतोय, तरी वॉर्निंगचा ढीग. ही वॉर्निंग देणारी साधनं प्रोग्राम चालवत नाहीत, नुसता कोड वाचून संशयास्पद ओळी दाखवतात. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978च्या सुमारास लिहिलेलं 'लिंट' हे त्यांच्यातलं जुनं नाव.

शीतलामाता बाजारातल्या एखाद्या कापड दुकानाचा उधारीचा प्रोग्राम सी भाषेत आहे, असं धरा. उधारी शून्य असेल तर 'खातं चुकतं' छापायचं. सीमध्ये तुलनेला बरोबरची दोन चिन्हं लागतात, टाइप झालं एकच: (उधारी = 0). याचा अर्थ 'शून्य आहे का?' असा नाही, 'शून्य कर' असा होतो. प्रोग्राम बिनबोभाट चालतो. ज्या गिऱ्हाइकाचं खातं उघडाल त्याची उधारी माफ! वर, अट खोटी ठरल्यामुळे 'खातं चुकतं' कुणाच्याच नावापुढे उमटत नाही. शेटजींना पत्ता लागणार तो वसुलीच्या वेळी.

सीचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या जीसीसी या कंपायलरची वॉर्निंग चालू ठेवली असेल तर तो ही ओळ पकडतो आणि भोवती आणखी एक कंस घालायला सुचवतो, म्हणजे हे मुद्दाम केलंय असं तो समजेल. खरी मेख इथेच आहे. घाईतला माणूस कंस घालतो, वॉर्निंग जाते, उधारीही जातच राहते.

नोव्हेंबर 2003मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या कोडच्या, एका प्रतीत कुणीतरी अशीच ओळ घुसवली होती. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासल्याचा आव. प्रत्यक्षात तो शून्य, म्हणजे सर्वाधिकारी, करून टाकायचा. कंस जागच्या जागी होते, त्यामुळे कंपायलरला बोलायला जागाच नव्हती. कोडच्या मूळ भांडाराशी प्रत जुळेना, म्हणून ती सापडली.

बिनदोष ओळीवरही ठपका येतो, हेही खरं. कोणताही प्रोग्राम काय करील हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953मध्येच सिद्ध केलंय. म्हणून प्रत्येक इशाऱ्यामागची ओळ माणसालाच वाचावी लागते.

2006मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका अवताराच्या ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हेच कमी पडलं. इशारा देणारं व्हॅलग्राइंड हे साधन चालता प्रोग्राम तपासणारं, पण कुरकुर याच छापाची. दिसायला सारख्या दोन ओळी; एक काढली असती तरी चाललं असतं, दुसरी गुप्त किल्ली बनवताना यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न बांधता येणारे आकडे, मिसळणारी. दोन्ही काढल्या आणि व्हॅलग्राइंड शांत झालं. मग किल्ल्यांमध्ये फरक पाडायला उरला प्रोसेसचा, म्हणजे चालत्या प्रोग्रामला मिळणारा, क्रमांक, जेमतेम 32 हजारांच्या आसपास शक्यता. मे 2008मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा डेबियन आणि त्यावरच बेतलेल्या उबंटूवर दरम्यान बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या बनवाव्या लागल्या.