हवेत सुटलेलं जातं कुठे?

१९७३ साली मारिओ मोलिना कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ शेरवुड रोलंड यांच्याकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) म्हणून आले. पीएचडी बर्कलेला, रासायनिक लेझरवर झालेली. वातावरणाशी संबंध शून्य. रोलंड यांनी पुढे ठेवलेल्या विषयांतून त्यांनी एक उचलला: फ्रिजमधले आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू हवेत सुटल्यावर त्यांचं पुढे होतं काय? ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांना ते थेट अटलांटिकवरच्या हवेत सापडले होते. पण कशाशीच अभिक्रिया न करणारे वायू, म्हणून त्यांची चिंता कुणालाच नव्हती.

मोलिनांनी एकेक वाट तपासली. पाऊस धुऊन काढेल? नाही, हे वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत. हवेतला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील कण, त्यांना तोडेल? त्याला ओढून घ्यायला हायड्रोजन लागतो आणि सीएफसीत तो नसतोच. ऊन? जमिनीपर्यंत पोचणारा प्रकाश ते शोषत नाहीत. मग उरतं फक्त वर, वीस-तीस किलोमीटरवर जाणं. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी ते फुटतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोन मोडतो, पुन्हा सुटतो, पुन्हा मोडतो. एकेक अणू हजारो ओझोन रेणू संपवतो. जून १९७४ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. १९९५चं नोबेल दोघांना पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर मिळालं, आणि क्रुट्झन तर मूळचे पूल बांधणारे इंजिनीअर!

या विषयात, म्हणजे वातावरणाच्या रसायनशास्त्रात, एम.एस्सी. किंवा पीएचडी करायला गेलात, तर सुरुवातीलाच हीच तपासणी करायला शिकवतात. तिचं उत्तर म्हणजे त्या वायूचं 'आयुष्य'. डब्यात सहा किलो तांदूळ आणि रोज अर्धा किलो लागत असेल, तर बारा दिवस, हिशेब तोच. झाडांतून येणारा आयसोप्रीन दिवसा तास-दोन तास टिकतो, कार्बन मोनॉक्साइड साधारण दोन महिने, मिथेन नऊ-एक वर्षं, सीएफसी-१२ शंभर वर्षं. आयुष्य कळलं की तो वायू गल्लीपुरता प्रश्न आहे की पृथ्वीभरचा, तेही कळतं.

यातल्या पहिल्या तिघांना संपवतो मुख्यतः हायड्रॉक्सिल. हवेच्या साधारण २५ लाख कोटी रेणूंमागे हा एक, आणि तोही सेकंदभर जेमतेम जगतो. केमिस्ट्रीतून आलेली मुलं अडखळतात ती इथे. अभिक्रिया त्यांना पाठ असतात, पण एका समीकरणात सेकंदाचा अंश आणि शेजारच्यात नऊ वर्षं, अशी सगळी एकदम सोडवायची म्हटलं की साध्या पद्धतीनं लिहिलेला प्रोग्रॅम तिथेच कोलमडतो. गणिताचा कंटाळा असेल तर या वाटेला न गेलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी, बी.एस्सी. केमिस्ट्री म्हणजे फार्मा कंपनीतली क्यूसी (गुणवत्ता तपासणीची) लॅब, एवढंच आपल्याकडे डोक्यात असतं. पुण्यात विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, तिची महाबळेश्वरला ढग आणि हवेतले सूक्ष्मकण मोजणारी प्रयोगशाळा आहे; हे किती जणांना ठाऊक असतं?

हायड्रॉक्सिल एखाद्या ठिकाणी मोजता येतो, पण पृथ्वीभरची सरासरी थेट मोजता येत नाही. म्हणून १९७०च्या दशकात एक आडवाट निघाली. मिथाइल क्लोरोफॉर्म हा औद्योगिक द्रावक माणूसच बनवत होता, त्यामुळे किती सोडला याचा हिशेब बऱ्यापैकी उपलब्ध होता. हवेत तो किती वेगानं कमी होतो यावरून हायड्रॉक्सिल किती, हे काढता येई. पुढे माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानं ओझोन वाचवण्यासाठी या द्रावकावरही बंदी आणली. त्याचं आयुष्य जेमतेम पाच वर्षांचं. आता हवेत तो नावापुरताच उरलाय. त्याच्या जागी दोन-तीन वायूंची एकत्र मोजणी वापरून तेच उत्तर काढता येईल का, यावर सध्या काम चालू आहे.