मधुमेही पायांची निगा : शिक्षण आणि त्याचा उपयोग

मधुमेहाने पायांची संवेदना हरपलेल्या रुग्णाला व्रण होऊ नये म्हणून दिलेले शिक्षण. तळवे रोज पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, तळव्यावरील कुरूप (घट्टा) ब्लेडने न खरवडणे, बुटात आधी हात घालून खडा-काटा चाचपणे, अनवाणी न चालणे हा त्यातील सर्वपरिचित भाग होय.

या विचाराची मुळे कुष्ठरोगकार्यात सापडतात. बधिर पाऊल आपोआप सडत नाही, न जाणवलेल्या इजेने व वारंवार पडणाऱ्या दाबाने फाटते, असे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूतील वेल्लोर येथील कामातून मांडले. व्रणावरील भार हलका करणारे प्लास्टरही त्यांच्याच नावावर सांगतात. पण १९३० च्या दशकात श्रीलंकेत मिलरॉय पॉल आणि भारतात जोसेफ कान यांनी ते वापरल्याचे उल्लेख आहेत. ब्रँड यांच्याकडे प्रसाराचे श्रेय जाते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. मऊ रबराची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल याच कार्यातून मधुमेह्यांकडे आली. लोक कुष्ठरोगी समजतील या धास्तीने ती घरात पडून राहते, हा तिचा जुना दोष.

शिकवण्याने व्रण टळतात का, यावर मतभेद आहेत. मेलोन व सहकाऱ्यांच्या १९८९ च्या अमेरिकी चाचणीत (२०३ रुग्ण) तासाभराच्या एका वर्गानंतर व्रण व अंगच्छेद सुमारे एक-तृतीयांशावर आले. तथापि तेथे माणसे न मोजता पाय मोजले होते. एकाच रुग्णाचे दोन पाय स्वतंत्र धरले की निष्कर्ष वाजवीपेक्षा ठाम दिसतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅमच्या चाचणीत व्रण नुकताच भरलेल्या १७२ जणांपैकी एका गटाला घरी जाऊन शिकवले. निगेच्या सवयी सुधारल्या, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ४१ टक्क्यांना पुन्हा व्रण झाला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्याने १२ चाचण्या तपासून पुरावा अपुरा ठरवला. एकट्या व्याख्यानावर भिस्त न ठेवता नियमित तपासणी, योग्य पादत्राण व कुरुपांवर उपचार यांना शिक्षणाची जोड द्यावी, हे मत आज ग्राह्य वाटते.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) धोका ऋतूनुसार बदलतो. काळ्या मातीच्या शेतात कापसाच्या पऱ्हाटीचे सड (कापणीनंतर उरलेले टोकदार खुंट) तळव्यात घुसतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि चैत्रात सप्तशृंगगडाची पदयात्रा निघते. नवसाने अनवाणी निघालेल्याला डांबराचा चटका कळत नाही. संध्याकाळी मुक्कामी पाय धुताना फोड दिसतो, तोवर कातडी सुटलेली असते. अशा वेळी ‘अनवाणी चालू नका’ हे वाक्य नवसापुढे तोकडे पडते. निघण्याआधी मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) पायाची संवेदना तपासून घेणे अधिक उपयोगी. मधुमेहानेच नजर अधू झालेल्याला स्वतःचा तळवा आरशातही दिसत नाही. त्याचा तळवा सून किंवा नातू पाहतो, तेव्हा काय पाहायचे हे त्यांनाच शिकवावे लागते.