‘तपासून घेण्या’पासून जनुक बदलण्यापर्यंत

मिरजेत किंवा कऱ्हाडात कोणत्याही सोनोग्राफी सेंटरवर गरोदर बाई तपासणीला गेली, की मशीन सुरू होण्याआधी लिंगनिदानबंदी कायद्यातला ‘फॉर्म एफ’ निघतो. नाव, वय, पत्ता, आधीचे मुलगे किती, मुली किती, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं आणि कशासाठी. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं बाईनं लिहून द्यायचं. ते सांगितलेलं नाही असं डॉक्टरांनी. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जातो आणि नोंदी 2 वर्षं जपून ठेवाव्या लागतात. फॉर्म नीट भरला नाही तर ती नुसती कारकुनी चूक ठरत नाही, गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयानं मे 2019 मध्ये ही तरतूद कायम ठेवली.

माणसाच्या जनुकांत बदल करावा का, या वादात हा फॉर्म कुणाला आठवत नाही. सांगली-साताऱ्यात मात्र तो वाद इथूनच सुरू करायला हवा. ‘हवं ते मूल’ निवडून घेणं म्हणजे काय, हे या पट्ट्यानं क्रिस्पर या जनुक कापून बदलण्याच्या तंत्राच्या कितीतरी आधी पाहिलं आहे.

1975 या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथं शास्त्रज्ञ जमले आणि एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याचे प्रयोग कोणत्या बंदोबस्तात करायचे याचे नियम त्यांनी ठरवले. चिंता होती ती बदललेले जिवाणू प्रयोगशाळेबाहेर निसटण्याची. माणसाच्या वंशात बदल करण्याचा प्रश्न त्यांनी मुद्दामच बाजूला ठेवला. त्याच वर्षी दिल्लीत ‘एम्स’मध्ये गर्भजल तपासणी सुरू झाली. साधारण 16 व्या आठवड्यानंतर सुईनं थोडं गर्भजल काढायचं, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि गुणसूत्रं पाहायची. हेतू गर्भातलं व्यंग ओळखण्याचा होता. पण ज्या स्लाइडवर गुणसूत्रांतला दोष दिसतो, त्याच स्लाइडवर एक्स आणि वायही दिसतात. बाजारानं त्यातलं नेमकं तेवढंच उचललं.

सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानाला लवकरच मनाई झाली, खासगीत ते चालू राहिलं. महाराष्ट्रानं 1988 मध्ये कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू झाला 1 जानेवारी 1996 पासून. तोवर सुई मागे पडली होती आणि सोनोग्राफीची मशीनं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली होती. गर्भधारणेआधीच्या निवडीचं तंत्र कायद्याच्या कक्षेत आलं ते 2003 च्या दुरुस्तीनं. दर वेळी तंत्र पुढे, कायदा मागे.

2001 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुली राज्यात 913 होत्या, सांगली जिल्ह्यात 851. कारण गरिबी म्हणावी तर हा उसाचा, रस्त्यांचा, दवाखान्यांचा पट्टा. मिरजेची वैद्यकीय परंपरा तर 1890 च्या दशकापासूनची. तपासणी परवडत होती आणि हाकेच्या अंतरावर होती. उत्तर तोंडी मिळायचं, ‘पेढे’ की ‘जिलेबी’ एवढ्या एका शब्दात. कागदावर काहीच नाही. साताऱ्यात 2011 मध्ये ‘नकुशा’ नावाच्या 285 मुलींचं समारंभानं नव्यानं बारसं झालं. 2017 मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले, तेव्हा कायदा होऊन वीस वर्षं उलटून गेली होती.

कागदावर काही नसलेला गुन्हा पकडायचा कसा, ते साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिंग ऑपरेशन करून दाखवलं. खरोखर गरोदर असलेली बाई राजी करायची, नोटांचे नंबर आधी टिपून ठेवायचे, पंच घ्यायचे, आणि खूण मिळाली की जागेवर पंचनामा. असा खटला ढेपाळतो तो बहुधा इथंच: साक्षीदार फिरतो, किंवा पंचनाम्यात मशीनची नोंद राहते आणि रजिस्टर जप्त करायचं राहून जातं.

जनुकांच्या उपचाराची वाट वेगळी होती. 14 सप्टेंबर 1990 रोजी अमेरिकेत प्रतिकारशक्तीच्या गंभीर आजाराच्या 4 वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशी जनुक घालून परत दिल्या. यात बदल रुग्णाच्या शरीरापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत 18 वर्षांचा जेसी गेल्सिंगर इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी गेला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध त्याचं शरीर पेटून उठलं होतं. चौकशीत निघालं ते अधिक वाईट. माकडांवरच्या प्रयोगांतले मृत्यू संमतिपत्रात नव्हते आणि प्रमुख संशोधकाचे आर्थिक हितसंबंध संबंधित कंपनीत होते. त्या संमतिपत्रावर सही होती; सही करणाऱ्याला पुरतं सांगितलेलं नव्हतं.

क्रिस्परची पद्धत 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. 2015 मध्ये चीनमध्ये ती 86 भ्रूणांवर वापरली गेली. मूल होऊच शकणार नाही असे भ्रूण मुद्दाम घेतले होते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक दुरुस्त करायचं होतं. तपासलेल्या 54 पैकी हवी ती दुरुस्ती 4 मध्ये मिळाली, तीही त्यांच्या सगळ्या पेशींत नाही. तरीही नोव्हेंबर 2018 मध्ये ‘हे जियानक्वे’ या चिनी शास्त्रज्ञानं जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. वडील एचआयव्हीबाधित, म्हणून मुलींना संसर्ग होऊ नये, हे कारण. वास्तविक वीर्य धुऊन वापरलं की तो धोका टळतो. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करण्याच्या उपचारात, ते नेहमीचं काम आहे. एचआयव्ही पेशीत शिरतो तो बहुधा सीसीआर5 जनुकापासून बनणाऱ्या दारातून. निसर्गात काही माणसांत या जनुकाची डीएनएतली 32 अक्षरं गळालेली आढळतात, तसा बदल त्याला हवा होता. तसा तो एकीतही झाला नाही. एकीच्या एका प्रतीत 15 अक्षरं गेली आणि दुसरी प्रत शाबूत राहिली. दुसरीच्या प्रतींत एका ठिकाणी 1 अक्षर वाढलं, एका ठिकाणी 4 गळाली. संमतिपत्रावर या कामाला एड्सच्या लशीचा प्रकल्प म्हटलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये त्याला 3 वर्षांची शिक्षा झाली.

भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वंशात उतरणारा जनुकबदल निषिद्ध ठरवला. रुग्णाच्या शरीरापुरते उपचार परवानगीनं चालतात. पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, संसदेनं केलेला कायदा नव्हे, आणि या जिल्ह्यांत कायद्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

आता घरच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी. दोघांच्या सामाईक आजोबांत एखादं अप्रभावी सदोष जनुक असेल (म्हणजे आई-वडील दोघांकडून आलं तरच आजार होतो, एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक राहतो), तर नातवात आणि नातीत ते उतरण्याची शक्यता प्रत्येकी 1/4, दोघांतही असण्याची 1/16 आणि त्यांचं मूल आजारी होण्याची 1/64. आजीचा हिशोब तसाच, पण वेगळा धरायचा. थॅलेसेमियासाठी लग्नाआधीच रक्त तपासता येतं: एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बहुधा वाहक. फसगत होते ती लोहाच्या कमतरतेत, कारण तेव्हा हा आकडा खाली येतो आणि वाहक सुटतो. म्हणून आधी लोह भरून काढायचं, मग परत तपासायचं.

दोघंही वाहक निघाले तरी दर गर्भारपणी मूल निरोगी असण्याची शक्यता 3/4 असते. आयव्हीएफमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून 5 ते 10 पेशी काढून तपासतात, अहवाल येईपर्यंत भ्रूण गोठवून ठेवतात. इतक्या थोड्या डीएनएच्या प्रती काढताना जनुकाची एक बाजू कधी वाचलीच जात नाही आणि आजारी भ्रूण निरोगी दिसतो. म्हणून जनुकाच्या आजूबाजूच्या खुणाही वाचतात आणि गर्भ राहिल्यावर पुन्हा खात्री करायला सांगतात. निवडायला निरोगी भ्रूण मिळत असताना आजारी भ्रूण दुरुस्त करत बसायला वैद्यकीय कारण क्वचितच उरतं. दोघंही स्वतः रुग्ण असलेलं जोडपं हे त्यातलं एक.

2021 च्या एआरटी, म्हणजे साहाय्यित प्रजननाच्या, कायद्यानं भ्रूणाची ही तपासणी फक्त ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारांसाठी ठेवली आहे. अडचण 1975 चीच: सगळी गुणसूत्रं वाचणाऱ्या तपासणीत लिंगही दिसतं. लिंगाशी जोडलेल्या आजारांना कायद्यात अपवाद आहे, आणि हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) किंवा डुशेन (स्नायू झिजत जाण्याचा आजार) यांसाठी एके काळी मुलीचा भ्रूण निवडणं एवढाच उपाय होता. आता घराण्यातला नेमका बदल आधी सापडलेला असेल तर तेवढंच जनुक वाचता येतं, आणि अहवालात ‘बाधित’ किंवा ‘अबाधित’ एवढंच लिहून भागतं.