सर्व्हरच्या हार्ड डिस्कचं तापमान: आम्ही काय बसवतो आणि मेल आला तर तुम्ही काय करायचं

तुमच्या सर्व्हरवर आम्ही डिस्कचं तापमान बघणारं टूल बसवतोय, तर ते नेमकं काय करतं हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं, कारण डिस्क जास्त तापली की मेल पहिला तुमच्याकडे येणार आहे.

वेगळं हार्डवेअर काही लागत नाही. सेन्सर डिस्कच्या आतच असतो आणि स्मार्ट नावाच्या सोयीतून (यात डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे नंबर दिलेल्या ओळींत ठेवते) डिस्क स्वतःच आकडा सांगते, सहसा १९४ नंबरच्या ओळीत, काही मॉडेलमध्ये १९० मध्ये. तो आकडा ठरावीक वेळाने वाचायचा आणि गडबड दिसली की कळवायचं, एवढंच सॉफ्टवेअरचं काम.

पूर्वी यासाठी बरेच जण एचडीडीटेम्प नावाचं टूल वापरायचे. जुन्या सर्व्हरवर ते सापडलं तर आम्ही काढून टाकतो, कारण त्याची देखभाल थांबलीय आणि डेबियन १२ या लिनक्सच्या आवृत्तीत तर ते पॅकेजच नाही. शिवाय सेटिंग नीट केलेलं नसेल तर ते ७६३४ नंबरच्या पोर्टवर पासवर्ड न विचारता कोणालाही डिस्कचं मॉडेल आणि तापमान सांगत बसतं, ते आम्हाला अजिबात पटत नाही. त्याऐवजी आम्ही स्मार्टमॉनटूल्स हा टूलचा संच टाकतो, त्यातला स्मार्टडी हा प्रोग्रॅम बॅकग्राउंडला चालू राहतो आणि डीफॉल्टला दर ३० मिनिटांनी डिस्क तपासतो. लिनक्स कर्नल ५.६ किंवा पुढचं असेल तर ड्राइव्हटेम्प मॉड्यूलही लोड करून देतो, मग सेन्सर्स कमांड दिली की साटा (नेहमीच्या केबलने जोडलेल्या) डिस्कचं तापमान प्रोसेसरच्या तापमानासोबतच दिसतं.

रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड, असेल तर आधी सांगा. कार्डामागच्या डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमला सुट्या दिसत नाहीत, एकच मोठी डिस्क दिसते आणि तिला तापमानच नसतं, त्यामुळे टूल चालू आहे असं वाटतं पण प्रत्यक्षात ते काहीच वाचत नसतं. मेगारेड प्रकारचं कार्ड असेल तर प्रत्येक डिस्कचा नंबर सेटिंगमध्ये हाताने लिहायला लागतो, थोडं किचकट आहे पण ते आम्ही करतो.

फिरणाऱ्या डिस्कसाठी आम्ही सहसा ४, ४५, ५० असे आकडे ठेवतो, म्हणजे ४ अंशांचा फरक पडला की लॉगमध्ये नोंद, ४५ ला परत नोंद आणि ५० ला मेल. बऱ्याच डिस्कची कंपनीने दिलेली मर्यादा ६० असते म्हणून ५० ला घाबरून सर्व्हर बंद करू नका, हातात वेळ असतो. एनव्हीएमई, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान चिपच्या डिस्क, मुळातच जास्त तापतात, लोड असताना ६० च्या वर गेल्या तरी चालतं, त्यांचे आकडे आम्ही वेगळे लावतो.

आणि मेल खरंच पोचतो का हे बघितल्याशिवाय आम्ही काम संपलं असं म्हणत नाही. स्मार्टडीमध्ये टेस्ट मेलची सोय आहे, तो तुमच्या इनबॉक्समध्ये आलेला तुम्ही स्वतः बघायचा, स्पॅममध्ये गेला असेल तर तेव्हाच निस्तरायचं.

आता मेल आला तर. आधी शेजारच्या डिस्क बघा. सगळ्याच तापल्या असतील तर कारण बाहेर आहे, एसी बंद, पंखा अडकलाय, जाळीत धूळ. पण बाकीच्या ३६-३८ वर आणि एकच ५० ला असेल तर त्या डिस्कच्या ५ आणि १९७ नंबरच्या ओळी बघा, तिथे बाद किंवा संशयास्पद सेक्टर मोजलेले असतात, ते वाढत असतील तर आधी बॅकअप, मग डिस्क बदलायची, तापमानाचं नंतर बघू. एक लक्षात घ्या, तापमान नॉर्मल म्हणजे डिस्क ठणठणीत असं नसतं. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी निघाला, म्हणून आम्ही या दोन ओळींवरही लक्ष ठेवायला लावतो.

नवीन डिस्क घातली तर स्मार्टडी रीस्टार्ट करा नाहीतर तिला ते बघणारच नाही. आणि आम्हाला कळवताना डिस्कचा सिरियल नंबर द्या, लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात आणि मग भलतीच डिस्क उपसली जाते.