तलावाचा खर्च हवेत उडतो

इंग्लंडच्या नैऋत्येला एक्सेटर नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. तिथल्या बसस्थानकाला लागूनच नगर परिषदेने एप्रिल २०२२ मध्ये सेंट सिडवेल्स पॉइंट हे क्रीडाकेंद्र सुरू केलं. पंचवीस मीटर लांबीचा आठ लेनचा जलतरण तलाव, शिकाऊंसाठी वेगळा तलाव, पाण्याची भीती मोडण्यासाठी तिसरा, शिवाय व्यायामशाळा. ‘पर्यावरणपूरक इमारत’ म्हटलं की आपल्याला गच्चीवरचे सौर पॅनेल आणि भिंतीवर चढवलेल्या वेली दिसू लागतात. इथली खरी करामत मात्र तलावाच्या दालनातल्या दमट हवेत आहे, आणि ती फोटोत येत नाही.

अशा केंद्रात सगळ्यात जास्त ऊर्जा कोण खातं? ट्रेडमिल नव्हे, दिवेही नव्हेत. तलाव खातो. त्यातही पाणी पहिल्यांदा तापवायला लागते ती ऊर्जा फार नाही. त्या पाण्याची वाफ होऊन जाते, तिथे खरी गळती आहे. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा इथे बिलावर उतरतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत जाते. तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. तलाव म्हणजे चारशे चौरस मीटर तोंडाचा माठ, फक्त इथे तो गार होऊ द्यायचा नसतो. पोहणाऱ्यांनी खळबळ माजवली की तासाला कित्येक डझन लिटर पाणी हवेत जातं.

मग ही वाफ थांबवायची कशी? उत्तर कोकणातल्या कुठल्याही घरात आषाढात दोरीवर लटकलेलं असतं. हवा आधीच ओली असली की कपडे वाळत नाहीत. तलावावरची हवा दमट ठेवली, तर तलावही ‘वाळत’ नाही.

एवढं सोपं असताना जुनी केंद्रं हवा कोरडी करायला पैसे का घालवत राहिली? काचेमुळे. युरोपातल्या हिवाळ्यात बाहेर उणे पाच अंश असताना आत बत्तीस अंश ठेवावे लागतात, नाहीतर ओल्या अंगाने बाहेर आलेला माणूस कुडकुडतो. अशा हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) वीस अंशांच्या आसपास येतो. जुन्या दुहेरी काचेचा आतला पृष्ठभाग माझ्या ढोबळ गणिताने अठरा-एकोणीस अंशांवर उतरतो. म्हणजे काचेवर पाणी, चौकटीत पाणी, भिंतीत ओल, मग बुरशी आणि गंजलेलं लोखंड. इमारत वाचवायची तर ओली गरम हवा बाहेर फेकायची आणि बाहेरची गार कोरडी हवा आत घेऊन तापवायची. तलाव पुन्हा जोमाने वाफाळायला मोकळा.

हे दुष्टचक्र जर्मनीत आधी तुटलं. डार्मस्टाट शहरात १९९१ मध्ये ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीचं पहिलं घर उभं राहिलं: जाड उष्णतारोधक भिंती, तिहेरी काच, फटी जवळपास नाहीत, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा. वीस वर्षांनी, २०११ मध्ये, ल्युनेन आणि बाम्बेर्ग इथल्या सार्वजनिक तलावांना तीच पद्धत लावली गेली. तिहेरी काचेचा आतला पृष्ठभाग त्याच थंडीत अठ्ठावीस अंशांच्या वर राहतो. त्यामुळे ल्युनेनच्या तलावात आर्द्रता ६४ टक्क्यांपर्यंत चढू देता आली.

पन्नासवरून चौसष्ट, यात काय मोठंसं, असं वाटेल. पण वाफ किती होणार हे पाण्यालगतच्या आणि हवेतल्या बाष्पदाबातल्या, म्हणजे वाफेच्या दाबातल्या, फरकावर ठरतं. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यासाठी हा फरक १.४ किलोपास्कलवरून पाऊण किलोपास्कलपर्यंत येतो. बाष्पीभवन जवळपास निम्मं! काच उष्णता अडवते ती अडवतेच. तिचा मोठा फायदा ती हवा ओली राहू देते हा आहे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात देखणी वाटते.

(ही काच उचलून मुंबईत बसवण्याचा मोह कुणाला झालाच, तर आवरावा. आपल्याकडे थंडी अडवायची नसते, ऊन अडवायचं असतं. तलावावर सावली केली तरी पुष्कळ साधतं.)

एक्सेटर हे या मार्गाने गेलेलं ब्रिटनमधलं पहिलं क्रीडाकेंद्र. तिथल्या वास्तुरचनाकारांनी आजच्या हवामानावर न थांबता २०८० सालच्या अंदाजित हवामानावरही इमारत तपासून घेतली, कारण घट्ट बंद इमारत उन्हाळ्यात तापण्याचा धोका असतो. व्यायामशाळेला गारवा हवा आणि तलावाला ऊब, म्हणून इमारतीच्या आतही त्या दोन भागांमध्ये उष्णतारोधक थर आहेत. शेजारच्याच एक्समाउथ गावाने २०२३ मध्ये वेगळी शक्कल लढवली: खनिज तेलात बुडवलेले संगणक तलावाच्या यंत्रघरात बसवले आणि त्यांची उष्णता पाण्याला दिली. त्याच वर्षी वीज-गॅसच्या दरांनी तलाव बंद पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारला ६ कोटी पौंडांहून अधिक मदत जाहीर करावी लागली होती.

आर्द्रता वाढवली, ताजी हवा कमी केली, तरी एक हिशेब उरतो तो पोहणाऱ्यांचा. तलावाचा तो डोळे चुरचुरवणारा ‘क्लोरीनचा वास’ खरं तर क्लोरीनचा नसतोच. घाम आणि मूत्र यांतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. ते हवेत साठू नयेत म्हणून ताजी हवा लागते, पाण्यात साठू नयेत म्हणून ताजं पाणी. जर्मन मानकानुसार प्रत्येक पोहणाऱ्यामागे तीस लिटर ताजं पाणी तलावात घालायचं असतं. दहा अंशांचं ते पाणी अठ्ठावीसवर न्यायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, जेवढी एक लिटर पाण्याची वाफ होताना जाते. म्हणूनच तलावाच्या दाराशी ‘आधी साबण लावून अंघोळ करा’ अशी पाटी असते, आणि म्हणूनच ती वाचूनही तसंच सूर मारणाऱ्याकडे जीवरक्षक रागाने पाहतो.