रिकामा सॉकेट आणि 390 ओहमचा रेझिस्टर

आजोळच्या माळ्यावरून उतरवलेल्या रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाटी उंदरांनी फस्त केली होती. कंपनी, मॉडेल, व्हॉल्व्हची (आत बसवलेल्या काचेच्या नळ्यांची) यादी, सगळं नेमकं त्यावरच छापलेलं. आता सर्किट शोधायचं तर कोणत्या नावाने?

पण व्हॉल्व्ह रेडिओ इतका मुका नसतो. काच उजेडात तिरपी धरली आणि पुसट अक्षरं दिसली: यूसीएच 81, यूबीएफ 89, यूसीएल 82. या युरोपीय नावांत बराच मजकूर असतो. ‘यू’ म्हणजे फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) 100 मिलिअँपिअर करंट लागतो आणि सगळी फिलामेंट्स दिव्यांच्या माळेसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. ‘सीएच’ म्हणजे मिसळणारा व्हॉल्व्ह. पुणे केंद्राची 792 किलोहर्ट्झची लहर लावली, की रेडिओ स्वतःची 1247 ची लहर तयार करतो. दोन्हींतला फरक 455, आणि पुढची बरीचशी वाढवणी-गाळणी या एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर होते. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगची 1918 सालची ही सुपरहेटरोडाइन युक्ती बहुतेक सगळ्या घरगुती रेडिओंत सारखीच, त्यामुळे निम्म्याहून अधिक सर्किट मी चासीला (धातूच्या सांगाड्याला) हात न लावता पेन्सिलीने कागदावर रेखाटलं.

अडलो चौथ्या सॉकेटपाशी. तो रिकामा होता. खालून पाहिलं तर पिन 4 आणि 5 यांच्यामध्ये चिनी मातीचा जाडजूड 390 ओहमचा रेझिस्टर आणि 3 ते 9 असा एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा छोटासा भाग. व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या रेडिओत डायोड? डाखही वेगळा, जास्त चकचकीत. म्हणजे हे कारखान्याचं काम नव्हे, कुणा मिस्त्रीचं.

मग हिशोब मांडला. 390 ओहममधून 0.1 अँपिअर गेला की 39 व्होल्ट खर्ची पडतात. यू मालिकेत 38 व्होल्टचं फिलामेंट असलेला रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, तो यूवाय 85. त्याच्या फिलामेंटच्या जागी हा रेझिस्टर आणि कामाला तो डायोड. उरलेल्या तिघांचे 19, 19 आणि 50 धरून बेरीज 126. घरच्या 230 मधले 104 व्होल्ट उरतात, ते जिरवायला साधारण 1000 ओहमचा रेझिस्टर हवा. चासीच्या कडेला काळवंडलेला तसा एक होताच. नसलेला व्हॉल्व्ह असा आकडेमोडीतून सापडला.

मिस्त्रीबद्दल माझं मत इथे बदललं. व्हॉल्व्ह रेक्टिफायर तापायला वेळ घेतो, डायोड मात्र बटण दाबताच करंट सोडतो. बाकीचे व्हॉल्व्ह गार असेपर्यंत डीसीतला चढउतार गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर थेट 325 व्होल्टपर्यंत ताण येऊ शकतो. गड्याने तेही 350 व्होल्टचे नवे घातले होते.

एक मात्र त्याच्या नजरेतून सुटलं. यूसीएल 82 च्या पिन 9 पासून 3 पर्यंत जाणारा मेणाचा कंडेन्सर अजून मूळचाच होता. तो गळू लागला की ग्रिडवर (व्हॉल्व्हचा करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर) धन दाब चढतो, व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढतो आणि त्यापायी स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. माझ्या रेडिओतला मीटरवर गळतच होता. तो बदलल्याशिवाय रेडिओ लावला नाही. लावला तोही मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून, कारण असल्या रेडिओत चासीला थेट मेन्सची एक तार जोडलेली असते.

सर्किटचा नकाशा आता दोन रंगांत आहे: कारखान्याचा निळा, मिस्त्रीचा लाल. स्पीकरमागून निघून कुठेच न पोचणारी एक काळी वायर अजून तुटक रेघेनेच काढलेली आहे.